सतराशे पिना आणि एक सही

चौतीस वर्षं मी सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. आलेला माल भिंगाखाली धरायचा, पास की नापास ते लिहायचं, खाली सही. प्रमोदिनीबाई तपासणार म्हटलं की माल पुरवणारे आधी स्वतःच दोनदा तपासून बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले आणि घरात माझी काचेची बरणी झाली. सुईत दोरासुद्धा माझे यजमान, मधुकर, ओवून देतात. अशात राजाजीनगरच्या एका वर्कशॉपने ड्रॉइंग तपासायचं काम देऊ केलं. अट एकच, सोमवारपर्यंत घरी चांगला कॉम्प्युटर हवा. हे काम मी काही केल्या सोडणार नव्हते.

क्षितिजला, आमच्या मुलाला, पुण्यातल्या ऑफिसात नवाकोरा प्रोसेसर बक्षीस मिळाला होता. तो त्याने मला पाठवला. वर बजावलं, "मदरबोर्ड मी दिवाळीला येऊन निवडतो, आई. तू हात लावू नकोस."

हात लावू नकोस म्हटलं की माझं डोकं फिरतं. शुक्रवारी मी एस. पी. रोडच्या कॉम्प्युटर बाजारात ओळखीच्या कानडी रघुनंदनच्या दुकानात गेले.

त्याने एक बोर्ड काढला. "सॉकेट सरी, बरोबर आहे, अक्का. तुमचा प्रोसेसर नीट बसेल."

मी पर्समधून भिंग काढलं आणि सॉकेटमधल्या सतराशे पिना ओळीने तपासल्या. एकही वाकडी नव्हती. खुशीत, जुन्या सवयीने, खोक्यावर लिहिलं: तपासलं, पास. सही, तारीख.

"बोर्डाला सर्टिफिकेट देणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," रघुनंदन हसला.

शनिवारी सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. शेवटी क्षितिजने फोनवर खोक्यावरचा बारीक नंबर वाचायला लावला.

"बोर्ड प्रोसेसरच्या आधीचा आहे गं. सॉकेट तेच, पण आतला प्रोग्राम, बायोस, जुना. तो या प्रोसेसरला ओळखतच नाही. तू फक्त पिना बघितल्यास?"

हो. फक्त पिना.

"उघडलेला बोर्ड परत घेणार नाहीत. एक पिन वाकव आणि सांग, आलाच असा. लगेच बदलून देतील, तेव्हा नव्या बायोसचा माग."

मधुकरनी मान डोलावली. "सोमवार गाठायचाय ना तुला?"

गाठायचा होता. मी चिमटा हातात घेतला, हेही सांगते. मग खोक्यावरची सही दिसली. वर्कशॉपवाल्यांना माझी सहीच तर हवी होती. तीच खोटी केली, तर सोमवारी त्यांना काय देणार होते मी?

"पिनेला कोणी हात लावायचा नाही," म्हटलं आणि रिक्षा बोलावली.

"माल चांगला आहे, रघुनंदन. चूक माझी. बायोस न बघता पास केला. जुना प्रोसेसर लावून बायोस नवा करून द्या."

"आज गर्दी आहे, अक्का. सोमवारी या."

"सोमवारी मला काम आहे." मी स्टूल ओढून बसले.

त्याने खोकं फिरवून सही पाहिली. "रोज कोणी ना कोणी वाकलेल्या पिना घेऊन येतो. सगळे म्हणतात, आलाच असा." मग खण उघडून त्याने एक जुना प्रोसेसर काढला. "स्वल्प थांबा, थोडाच वेळ."

तासाभराने माझा प्रोसेसर त्याच बोर्डावर बसला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. मी ती लांबूनच, मोठ्याने वाचली.

रघुनंदनने पेन पुढे केलं. "पहिली सही खोडायची?"

"राहू दे." मी तिच्याखाली लिहिलं: काल चुकून पास केलं. आज चालवून पाहिलं. पास. आणि या वेळी पूर्ण नाव घातलं.