चार बोटं प्ले

टेबलावर वीस वस्तू होत्या. एक चाक, अठ्ठावीस सेंटीमीटर व्यासाचं, डाव्या बाजूचं रबर झिजलेलं. तीन पेडलं. दोन क्लॅम्प, त्यातल्या एकाला चीर. एक अडॅप्टर, दोन वायरी आणि अकरा स्क्रू. स्क्रू बारा हवे होते. बारावा मी दोनदा शोधला.

"एक कमी हाय तर बसवू नको गो," आबा म्हणाले. "नट कमी असलेली गाडी मी कदी भायेर काढली नाय."

"आबा, ही गाडी नाही. गेम आहे."

"चाक हाय ना?"

मी बारावा स्क्रू बाजारातून आणला आणि मगच चाक टेबलाला आवळलं.

माझे वडील एकोणीस वर्षं पोलादपूर ते उमरठ शाळेची बस चालवत होते. बस मुरारीशेटची, मुलं चौतीस. फेब्रुवारीत आबांना अर्धांगाचा झटका आला. पाय लगेच सुधारला, डावा हात सावकाश. आता तो चहाचा कप धरतो, भरलेला तांब्या धरत नाही. मुरारीशेट घरी येऊन सांगून गेले होते, "गणूदादा, बदली डायवर टिकंना. तुम्ही फक्त हो म्हणा. डॉक्टरच्या कागदाचं मी बघतो."

त्या कागदावर माझा विश्वास नव्हता. महाडच्या एमआयडीसीत मी पाण्याचे नमुने तपासते. मोजल्याशिवाय सही करायची नाही, एवढं तिथे दोन वर्षांत अंगात मुरलंय. प्रयोगशाळेतल्या अनुपमाच्या भावाचं रेसिंगचं चाक माळ्यावर पडून होतं. ते मी मागून आणलं. गेम शर्यतीचा होता, पण त्यात बसही घेता येत होती.

पहिल्या रविवारी आबा खुर्चीत बसले आणि त्यांनी सवयीने चाक पुरता वेढा फिरवलं. पडद्यावरची बस सरळ दरीत गेली.

"ही काय रिक्षा हाय?"

चाकाची फिरत दोनशे चाळीस अंशांवर लावलेली होती. मी ती नऊशेवर नेली.

"आता?"

"बसचं ह्याच्या दुप्पट फिरतं. पन चालंल." त्यांनी दोन वळणं घेतली. "चाक सारखं मधी पळतंय. माजं ऐकतच नाय. तुज्या आयेवानी."

"तुमी तरी कुनाचं ऐकता?" आई आतून म्हणाली.

चाक आपोआप मध्यावर आणणारी स्प्रिंग गेममध्ये वेगळी असते. मी ती शून्य केली आणि रस्त्याचा धक्का पासष्ट टक्क्यांवर नेला. पुढचं वळण आबांनी घेतलं. खडीचा पट्टा आला तशी चाकात बारीक थरथर आली.

"आता रस्ता लागला हाताला," ते म्हणाले.

मी चाचणीसाठी एक डोंगरी रस्ता निवडला. लांबी दोन पूर्णांक एक किलोमीटर, वळणं चौदा, डाव्या कडेला पांढरी पट्टी. गेम प्रत्येक फेरीची नोंद ठेवतो, त्यातून पुढचं डावं चाक पट्टीपासून किती आत किंवा बाहेर होतं ते काढता येतं. आबांनी तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा चाक पट्टीच्या बाहेर गेलं. कारण आकड्यांत दिसत होतं. डाव्या हाताचं ओझं नकळत चाकावर पडत होतं आणि गाडी थोडी थोडी डावीकडे सरकत होती.

मी आकडे वाचून दाखवले. आबा उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी. बुधवारी आई म्हणाली, "कशाला बसवलंस गो त्यान्ला त्या खेळन्यावर? मानूस बोलंनासा झालाय."

पुढच्या रविवारी मी आणखी एक सेटिंग बदललं. चाक मध्याच्या आसपास थोडं हललं तर गेमने ते हलणं धरू नये, अशी सोय असते. ती शून्य होती, मी तीन टक्के केली. जुन्या चाकाचा सेन्सर बिघडला असणार, असं मी स्वतःला सांगितलं. सेन्सर मी तपासला नव्हता.

त्या दिवशी आबांनी दहा फेऱ्या मारल्या. चाक एकदाही पट्टीबाहेर गेलं नाही. त्यांनी आकड्यांचा कागद माझ्या हातातून घेतला, आईला दाखवला, आणि आईने मी काही बोलायच्या आत मुरारीशेटना फोन लावला. सोमवार ठरला, मधे एक आठवडा. खाकी शर्टाला इस्त्री झाली. पुढच्या सीटवर बसणाऱ्या शकूच्या आईने निरोप धाडला की पोरगी आत्तापासून दप्तर भरून बसली आहे. मी रोज ठरवायची, आज सांगू. आबा रोज दोन भाकऱ्या खात होते.

शनिवारी दुपारी मी महाडहून आले तेव्हा आबा चाकापुढे बसलेले होते. गेम चालू होता, बस सपाट रस्त्यावर हळूहळू सरळ जात होती. ते एका बोटाने चाक डावीकडे ढकलत होते, मग उजवीकडे. परत डावीकडे. बस सरळच जात होती.

"आमे, ह्यात प्ले हाय. चाक हलतं, गाडी नाय."

"जुनं चाक आहे, आबा."

"जुनं न्हवं. पयल्या दिवशी नव्हता." त्यांनी उजव्या हाताची चार बोटं चाकाच्या कडेवर आडवी ठेवली. "एवढा."

मी मनात हिशोब केला. नऊशे अंश, दोन्हीकडे तीन टक्के, म्हणजे सत्तावीस अंश. चौदा सेंटीमीटर त्रिज्येवर साडेसहाच्या थोडं वर. चार बोटं.

"तू ठेवलास?"

"हो."

"कशाला?"

"तुम्ही जेवला नव्हता."

आई भांडी घासायची थांबली. आबांनी चाकावरची बोटं काढली. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत.

"एवढा प्ले असलेली बस मी एकदा मुरारीशेटच्या दारात परत लावली होती. दोन दिवस पोरं चालत गेली साळंला. शिव्या खाल्ल्या. पन नाय काढली." मग त्यांनी पायातली चप्पल सारून माझ्याकडे केली. "उमरठच्या रस्त्याला आंब्याच्या वळनावर मी टायर बदललाय. पांढऱ्या पट्टीच्या भायेर कठड्यापातुर किती जागा हाय ठावं हाय? ही चप्पल, लांबीत. मोज."

मी फूटपट्टी लावली. सत्तावीस सेंटीमीटर.

"लिवून ठेव. आता प्ले काढ."

"ऱ्हाऊ द्या की," आई दारात येऊन म्हणाली. "परवा खरी गाडी हाय. तिच्यात बघा काय ते."

"खऱ्या गाडीत चौतीस पोरं घेऊन काय बघू, जानके?"

आई आत गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी तीनचं शून्य केलं. आबा उठले, खुंटीवरचा खाकी शर्ट त्यांनी घातला. डाव्या बाहीचं बटण लागेना, आईने पुढे होऊन लावलं. मग ते बसले.

दहा फेऱ्यांना एक तास दहा मिनिटं लागली. प्रत्येक फेरी संपली की त्यांचा डावा हात खुर्चीच्या बाजूला, जिथे बसमध्ये गिअरचा दांडा असतो तिथे जायचा, रिकामाच थांबायचा आणि परत चाकावर यायचा. जायला आणि यायला मिळून चार सेकंद. दहाव्या फेरीनंतर तो परत आला नाही, मांडीवर राहिला.

"वाच."

"आबा..."

"सगळं वाच. कमी करू नको."

मी कागद धरला.

"फेऱ्या दहा. पट्टीच्या आत तीन. पट्टीच्या बाहेर सात. सगळ्यांत जास्त, एक्केचाळीस सेंटीमीटर."