मिठागरावरची हजेरी

धाकट्या जावेचा फोटो वर्तमानपत्रात आला त्या दिवशी थोरलीच्या दाराशी सकाळपासून रीघ लागली. फोटो राजधानीतला, पण कौतुक करायला हाताशी घर थोरलीचं. दूधवाला बोलून गेला, टपाल कचेरीतला कारकून बोलून गेला, समोरच्या शिंपीणबाई तर गळ्यातली मापाची पट्टी न काढताच आल्या. देशाच्या शिक्षणाचं नवं धोरण लिहायला समिती बसली होती आणि तिची सचिव म्हणजे तुमची जाऊ, केवढी मोठी गोष्ट! थोरली प्रत्येकाला हसून हो म्हणत होती. हसून हसून गाल दुखायला लागले. पोटात दुखत होतं ते निराळंच.

फोटोखाली मुलाखत होती. देशाचं शिक्षण कशाकशानं घडतं याची कारणं धाकटीने सांगितली होती: भूगोल, इतिहास, भाषा, लोकांचा पोटापाण्याचा धंदा, त्यांची श्रद्धा आणि राज्यकारभार. त्यातलं एक वाक्य छापणाऱ्याने जाड अक्षरात चौकटीत टाकलं होतं. ‘शाळा विटांची असते, पण तिचं वेळापत्रक समुद्र ठरवतो.’

थोरलीने ते तीनदा वाचलं. वाक्य तिचं होतं. नऊ वर्षांपूर्वी, याच घरात, भांडी विसळता विसळता ती ते बोलली होती, आणि शेजारी उभी राहून भांडी पुसत होती धाकटी.

“कानामागून आली आणि तिखट झाली,” ती चुलीकडे बघून म्हणाली.

तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याचं भिंग न काढता त्यांनी विचारलं, “कोण, भाजी?”

तिने फडकं आपटून भांडं खाली उतरवलं. संध्याकाळी देवापुढे बसली तर ओठांवर देवाचं नाव आणि मनात जावेचं. दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि शेवटी देवालाच उगीच ताटकळत ठेवायला नको म्हणून उठली.

थोरली मिठागरांच्या गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळेला दोन खोल्या, शिक्षक दोन, मुलं त्रेचाळीस. चोवीस वर्षं ती तिथेच होती. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा शाळा नुकतीच संपवलेली पोर. तिला शिक्षक प्रशिक्षणाच्या परीक्षेला बसवली ती थोरलीने. आपली टिपणांची बाडं दिली, तिचं तान्हं सांभाळलं, परीक्षेच्या दिवशी तिच्या पिशवीत दोन पेन्सिली टोक करून घातल्या. धाकटी हुशारच, एकेक पायरी चढत जिल्ह्याला गेली, तिथून राजधानीला, शिक्षण खात्याच्या मोठ्या हुद्द्यावर. शिडी कुणी धरली होती हे वर गेलेल्याला दिसत नाही, आणि धरणाऱ्याला दुसरं काहीच दिसत नाही.

त्या गावची गंमत अशी, की कोरड्या दिवसांत मीठ ओढायचे तीन महिने आले की घरंच्या घरं खाडीपलीकडे मिठागरांवर झोपड्या टाकून राहायची. लहानथोर सगळे जायचे. शाळेत उरायची नऊदहा मुलं, ज्यांचे बाप दुकानदार नाहीतर होडीवाले. मग ओले महिने लागले की माणसं घरी परतायची आणि हातावर हात ठेवून बसायची. नेमकी तेव्हाच शाळेला तीन महिन्यांची मोठी सुट्टी. एके काळी परक्या साहेबांची बायकामुलं त्या दिवसांत मायदेशी जायची म्हणून ती सुट्टी पडली होती. साहेब गेले, सुट्टी राहिली. मुलं दर वर्षी तीन महिने मागे पडायची. मुलगे रडतखडत रेटायचे. मुली मात्र सातवीपर्यंत आल्या की आया म्हणायच्या, आता पुरे.

हे सगळं राजधानीला कळायला हवं होतं, पण कळत नव्हतं. कारण हजेरी एका आकड्याखाली गेली की खातं एक शिक्षक काढून घ्यायचं. दोनातला एक गेला तर शाळा म्हणायची कशाला? म्हणून त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या शाळांत दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे होते. हजेरीपटावर शंभरातली सत्त्याण्णव मुलं हजर. तो तपासनीसाला. तपासनीसही खाडी ओलांडून आलेला असायचा, होडीतून त्याला झोपड्या दिसलेल्या असायच्या. तरी तो चहा पिऊन सही करायचा. थोरलीला तर उत्तम हजेरीबद्दल खात्याची ढालसुद्धा मिळाली होती.

पण तिची एक सवय होती. ती घरून आणलेल्या साध्या वहीत खरं लिहायची. रोज कोण आलं नाही आणि का नाही. ‘आईबरोबर फावड्याला.’ ‘पाय मिठाने फुटले.’ ‘धाकट्या भावाला राखायला.’ ‘पुस्तकातली भाषा कळत नाही म्हणून येत नाही म्हणते.’ ज्या दिवशी खोटं लिहिलं त्याच दिवशी कुठेतरी खरंही लिहून ठेवायचं, असा तिने आपल्यापुरता नेमच केला होता. अशा चोवीस वह्या झाल्या होत्या. त्या यजमानांनी पाहिल्या होत्या, आणि एकदा भांडी विसळताना तिने स्वतःच धाकटीच्या कानावर ओझरतं घातलं होतं, इतकंच.

पुढच्या रविवारी धाकटी स्वतःच आली. सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आली, थोरलीच्या पाया पडली, चहा झाला, यजमानांच्या दुकानातली घड्याळं बघून झाली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवशी तिलाही अवघडल्यासारखं झालं असावं. शेवटी म्हणाली, “जाऊबाई, तुमच्या शाळेची दहा वर्षांची हजेरी हवी होती. किनाऱ्यावरच्या शाळांची सुट्टी बदलायचं कलम मी घालायचं म्हणतेय. समितीतले लोक पुरावा मागतात.”

तिला वह्याच हव्या होत्या हे थोरलीला कळत होतं. धाकटीने नुसतं ‘त्या वह्या’ म्हटलं असतं तरी कदाचित थोरली उठली असती. पण ती हजेरी म्हणाली. आणि त्याच दमात म्हणाली, की मुलाखतीतलं ते समुद्राचं वाक्य अध्यक्षांना फार आवडलं, आता अहवालाची सुरुवात त्यानेच करायची आहे.

“छान आहे वाक्य,” थोरली म्हणाली. “कुठे सुचलं?”

धाकटीने खांदे उडवले. “असंच. डोक्यात होतं कधीचं.”

खरंच तिच्या लक्षात नव्हतं. थोरलीला तेही दिसलं, आणि तेच जास्त लागलं. चोरून नेलेलं परत मागता येतं. जे आपलंच समजून नेलं त्याचं काय करायचं? ती आत गेली. कपाटात वरच्या फळीवर वह्या होत्या, खालच्या फळीवर हजेरीपटांच्या नकला. तिचा हात वर गेला होता, तो खाली आला. दहा हजेरीपट नीट सुतळीत बांधून तिने जावेच्या हातात ठेवले.

“सरकारचा कागद सरकारला,” ती म्हणाली.

खोटं ती एक अक्षर बोलली नव्हती. रस्त्याला गाडी लागेपर्यंत तिने स्वतःला हे चार वेळा सांगितलं.

तीन आठवड्यांनी धाकटीचा फोन आला. आवाज पडलेला. बैठकीत तिने किनाऱ्याच्या सुट्टीचा विषय काढला आणि तिने घाईत न चाळताच जोडलेले तिचेच कागद तिच्यापुढे सरकवले गेले. सत्त्याण्णव टक्के हजेरी, तीही मीठ ओढायच्या महिन्यांत. एक सदस्य म्हणाले, बाई, हा समुद्र तर मुलांना रोज शाळेत आणून सोडतो. सगळे हसले. आता जिल्ह्याच्या गावी शेवटची जाहीर सुनावणी, त्यानंतर मसुद्यातून कलम काढून टाकणार.

“माझंच काहीतरी चुकलं असेल,” धाकटी म्हणाली. “मला वाटायचं मुलं येत नाहीत. तुम्हीच सांगायचात ना तसं?”

“पूर्वी असेल,” थोरली म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिने ठेवणीतली साडी काढून नेसली. दोन दिवस ती गुणगुणत होती. यजमान म्हणाले, बऱ्याच वर्षांनी तुझा काटा जाग्यावर आलेला दिसतोय.

तिसऱ्या दिवशी शाळेत मिठागरावरची एक बाई आली. फावडं दाराशी टेकवून आत आली, पायांना मिठाच्या भेगा, तरी बाकाला लागू नयेत म्हणून पाय आखडून बसलेली. तिला लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. लेक सातवीत, वर्गात गणितात पहिली.

थोरलीने समजावून पाहिलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाई, तुमचं खरं आहे. पण शाळा उघडी तेव्हा आम्ही तिकडं, आम्ही घरी तेव्हा शाळेला कुलूप. पोरगी म्हणते मागचं कळत नाही तर पुढचं काय शिकू. सुट्टी बदलणार असं होडीवाला सांगत होता, म्हणून थांबले होते. आता तेही बारगळलं म्हणे.”

“कोण म्हणालं बारगळलं?”

“होडीवालाच. तिकडं वर कुणीतरी लिहून दिलं म्हणे की पोरं रोज येतात.”

थोरलीने दाखल्याचा कोरा कागद समोर ओढला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला लिहायला सुचत नाहीये. मत्सराचं असं असतं, नेम शेजारणीवर धरावा आणि काच भलत्याच्या घराची फुटावी. तिने कागद पुन्हा खणात टाकला. सुनावणी होईपर्यंत थांब म्हणाली. बाईला सुनावणी म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती थांबते म्हणाली.

त्या संध्याकाळी थोरलीने वरच्या फळीवरच्या वह्या काढल्या. यजमानांनी भिंग उतरवून विचारलं, ढाल जाईल ना? ती म्हणाली, ढाल जाईल, मुख्याध्यापिकेची खुर्ची जाईल, पेन्शनीचंही देव जाणे. मग त्यांनी माळ्यावरून मोठी पिशवी काढून दिली आणि तिचे बंद घट्ट आहेत ना ते दोनदा ओढून पाहिलं.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. पंखे गरगरत होते, पुढे लांब टेबल, टेबलाशी समिती, टोकाला धाकटी टिपण घेत बसलेली. नावाचा पुकारा झाला तेव्हा तिने मान वर केली आणि पिशवी बघितली.

थोरलीने दोन्ही ठेवलं. डावीकडे शाळेतले मूळ हजेरीपट, उजवीकडे वह्या. एकाच तारखेची दोन पानं उघडली. हजेरीपटात एक्केचाळीस हजर, वहीत दहा.

अध्यक्ष म्हातारे प्राध्यापक होते. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली, बराच वेळ वाचली. “यातलं खरं कोणतं?”

“वही.”

“मग हजेरीपट कुणी लिहिला?”

“मीच. दोन्ही अक्षरं माझीच आहेत, बघा. शिक्षक काढून घेतील म्हणून लिहिला. आमच्या किनाऱ्यावर सगळेच लिहितात, पण मी माझ्यापुरतं बोलते.” तिचा आवाज मुळातच हळू, मागच्या रांगेतले लोक पुढे झुकले. “साहेब, शिक्षण कशानं घडतं याची तुम्ही सहा कारणं काढली आहेत. सातवं लिहा. आमची खोटी हजेरी. तुमचा भूगोल नि इतिहास सगळा तिच्याआड जातो.”

कुणी हसलं नाही. समुद्राचं ते वाक्य माझं आहे, हेही आत्ताच सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. ते अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने पाणी मागितलं आणि पाण्याबरोबर ते गिळलं.

जेवणाच्या सुट्टीत धाकटीने तिला जिन्यात गाठलं. थोरलीची एक वही तिच्या हातात होती.

“वह्या तेव्हाही होत्या तुमच्याकडे. मी दारात आले होते, जाऊबाई. मला तोंडघशी पाडलंत.”

“पाडलं.”

“का पण? माझ्याकडे असं काय होतं, जे तुमच्याकडे नव्हतं?”

थोरलीने जरा विचार केला. “ऐकणारी माणसं,” ती म्हणाली. “मी चोवीस वर्षं तेच बोलत होते गं. माझं ऐकायला तू एकटी होतीस, आणि तूही ते विसरलीस.”

धाकटीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. समुद्र, भांडी, तो कोपरा, काय आठवलं ते तिलाच ठाऊक. ती बोलायला गेली, पण वरून कुणीतरी हाक मारली आणि ती वही छातीशी धरून पायऱ्या चढून गेली.

कलम राहिलं. दोन महिन्यांनी एकाच टपालाने दोन लखोटे आले. एकात परिपत्रक: किनाऱ्यावरच्या मिठागरी गावांत मोठी सुट्टी मीठ ओढायच्या महिन्यांत, आणि ओल्या महिन्यांत शाळा सुरू. दुसऱ्यात थोरलीला नोटीस: खोट्या नोंदीबद्दल मुख्याध्यापिकेच्या पदावरून कमी करण्यात येत असून साध्या शिक्षिकेच्या जागी ठेवण्यात येत आहे. दोन्हींखाली सही धाकटीची. यजमान म्हणाले, बाई पक्की आहे, दोन्ही काटे एकाच वेळेला लावते. थोरलीने सही नीट निरखली. ठसठशीत होती, एका झटक्यात केलेली. तिला त्या सहीचाही हेवा वाटला.

ओल्या महिन्यांत शाळा भरली त्या दिवशी समारंभ होता. चिखलातून येऊन त्रेचाळीसपैकी बेचाळीस मुलं बसली होती, बाकांवर दाटीवाटीने. सातवीतली ती गणितवालीही होती, पुढच्या रांगेत. नवे मुख्याध्यापक तरुण होते, हजेरी घेताना एकेक नाव दोनदा पुकारत होते. धाकटी राजधानीहून आली होती. फोटोवाले होते. ती बोलायला उभी राहिली. पहिलंच वाक्य समुद्राचं आलं. थोरली शेवटच्या बाकावर लहान मुलांत बसली होती, ती पुढे सरकली. धाकटीने वाक्य पुरं केलं, शेवटच्या बाकाकडे पाहिलं, आणि म्हणाली की हे मी आमच्या घरात भांडी पुसताना ऐकलं होतं. कुणाकडून, ते काही सांगितलं नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्याने तुझं समाधान व्हायला हवं, असं थोरलीने स्वतःला बजावलं. झालं नाही, अर्धंमुर्धं झालं. शेजारची पोर तिला कोपराने ढोसून म्हणाली, बाई, तुम्ही पण वाजवा ना. तेव्हा तिनेही वाजवली. इतरांच्या मागून, जरा उशिरा.