अमरदीपचं सेंट

अमरदीप पाया पडायला वाकला तेव्हा शालिग्रामच्या नाकात तो वास शिरला, आणि आशीर्वादासाठी उचललेला त्याचा हात क्षणभर तसाच राहिला.

वास वाईट नव्हता, आणि तेच त्याला खटकलं. केनवडच्या शिवारात भाजीमळा करून उभं आयुष्य गेलेल्या शालिग्रामचं नाक तिखट होतं. मेथीची जुडी पहाटे खुडलेली आहे की रात्री पाणी मारून ठेवलेली, हे तो न पाहता सांगायचा. पण हा वास त्याला ओळखता येईना. कुठल्या फुलाचा नव्हता, चंदनाचा नव्हता, अत्तराचा तर नव्हताच. ओल्या लाकडासारखं काहीतरी होतं, त्यात संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा, आणि सगळं कसं मोठ्या घरातल्यासारखं.

"सेंट लावता काय?" त्याने विचारलं.

"हो, लावतो," पोरगा म्हणाला. लाजला नाही.

स्थळ जगदेवने आणलं होतं. जगदेव म्हणजे शालिग्रामच्या बायकोचा, गोजराबाईचा, धाकटा भाऊ. मुलगा सरकारी दवाखान्यात पक्क्या नोकरीवर, घरात एकटी आई, सुपारीचंही व्यसन नाही, असं तो महिनाभर सांगत होता. त्याने कौतुकाने सेंटचं नाव विचारलं. अमरदीपने सांगितलं ते कुणाला नीट उच्चारता आलं नाही, पण आतल्या खोलीत शालिग्रामच्या लेकीने, सायलीने, ते मोबाइलवर शोधलं. परदेशी कंपनीचं होतं. किंमत ऐकून गोजराबाई पोहे हलवायची थांबली.

त्यानंतर शालिग्राम पाहुण्यावर डोळा ठेवूनच बसला. पोरगा सतरंजीच्या कडेला, दाराजवळ बसला होता. पोहे खाण्याआधी त्याने दोनदा हात धुतले. खाऊन झाल्यावर बशी स्वतःच विसळून ठेवली. सायलीशी अंगणात पाच-दहा मिनिटं बोलला तेही हातभर अंतर राखून. जगदेवला हे सगळं संस्कार वाटले. शालिग्रामला वाटलं, माणूस एवढा जपून वागतो म्हणजे काहीतरी जपतोय.

पाहुणे गेल्यावर तो गोजराबाईला म्हणाला, की चतुर्थ श्रेणीच्या पगारात असली बाटली येत नाही. एक तर पोरगा पेशंटच्या नातेवाइकांकडून खातो, नाहीतर एखादी बाई आहे आणि तिने दिलेली भेट आहे. गोजराबाईने त्याला समजावलं. तुम्ही सख्ख्या भावाकडून आलेलं बियाणंही दातानं फोडून पाहता, आता जावयालाही पाहणार काय, असं ती म्हणाली. सायलीला मुलगा पसंत होता, हे तिच्या गुणगुणण्यावरून कळत होतं.

मंगळवारी शालिग्रामने बाजार समितीत कोथिंबीर आणि पालक उतरवला, हर्रास संपेपर्यंतही थांबला नाही आणि कोणाला न सांगता एसटीने तालुक्याचा दवाखाना गाठला. त्याला पोराला चोरून पाहायचं होतं. फाटकाजवळच्या चहावाल्याकडे त्याने चौकशी केली.

"अमरदीप? तो मांगं भेटन," चहावाला म्हणाला. "पीएमच्या खोलीत."

पीएम म्हणजे शवविच्छेदन, हे शालिग्रामला मागच्या बाजूला गेल्यावर कळलं. तिथे कडुलिंबाखाली एक बुटकी बिनखिडकीची खोली होती. बाहेर मानोऱ्याकडच्या एका तांड्याची दहा-बारा माणसं बसली होती. त्यांची लेक साप चावून गेली होती. कोणी रडत नव्हतं, रडून झालं होतं. शालिग्राम झाडाच्या बुंध्याआड उभा राहिला. पोरगा या माणसांकडून काय उकळतो तेवढं एकदा डोळ्यांनी दिसलं की झालं, मग जगदेवला तोंड वर करायला जागा उरणार नव्हती.

दार उघडलं. अमरदीप आणि आणखी एक जण स्ट्रेचर घेऊन बाहेर आले. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या त्या मुलीचा फक्त चेहरा उघडा होता. केस ओले होते आणि त्यांची वेणी घातलेली होती.

अमरदीप तिच्या आईजवळ उकिडवा बसला. "माय, तोंड पाहून घ्या. बाकी कापड सोडू नका. वेणी घालून देली."

आईने वेणीवरून हात फिरवला. मुलीच्या बापाने खिशातून मोगऱ्याच्या अत्तराची बारकी शिशी काढून अमरदीपच्या हातात दिली. त्याने ते कापडाच्या चारही कोपऱ्यांवर लावलं, उरलेलं मुलीच्या कपाळाजवळ. सगळं आवार मोगऱ्याने भरून गेलं. गाडी निघेपर्यंत तो हात जोडून उभा होता. कोणाकडून काही घेतलं नाही, कोणी काही द्यावं अशा जागी थांबलाही नाही.

मग तो नळाशी गेला. कोपरापर्यंत साबण लावून त्याने तीनदा हात धुतले, खुंटीवरचा शर्ट घातला, खिशातून चौकोनी बाटली काढून मनगटावर आणि गळ्याशी एकेक फवारा मारला, आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. डोळे उघडले तेव्हा समोर शालिग्राम होता.

मग अमरदीपनेच सुरुवात केली.

"पाह्याले आले होते काय काका?"

"दवाखान्यात हाय एवढंच सांगतलं होतं आमाले."

"जगदेवमामाले मी सगळं सांगतलं होतं. ते म्हणे, साखरपुडा होऊ द्या, मंग मी सांगतो."

शालिग्रामने बाटलीकडे बोट केलं.

अमरदीप बाटलीकडे पाहत राहिला. "इथं येते तो माणूस मोगरा आणते, नाईतर गुलाब, उदबत्ती. आधी मीबी मोगऱ्याचंच अत्तर लावत होतो. मंग बहिणीच्या पोरीचं बारसं होतं. बायाईच्या डोक्यात गजरे होते. मले घास गेला नाही, काका. पाळण्यापासून उठून आलो. गुलाबाचंबी तसंच झालं, कापराचंबी. मंग असा वास पाह्यला का जो आपल्या इकडे कोणी मयतीले आणत नाही. महाग हाय, म्हून तर कोणी आणत नाही. थेंब थेंब वापरतो, वर्ष काढतो एका बाटलीवर."

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

"चला, चहा घ्या," तो म्हणाला.

शालिग्रामची नजर त्याच्या हातांकडे गेली. स्वच्छ, नखं कापलेली, पाण्याने सुरकुतलेली बोटं. तो म्हणाला, एसटीची वेळ झाली. एसटीला अजून तास होता. अमरदीपने आग्रह केला नाही.

परतीच्या वाटेवर शालिग्रामने स्वतःची बरीच समजूत घातली. पोरगा खात नव्हता, बाई नव्हती, खोटं बोलला नव्हता. जे जे शोधायला तो गेला होता त्यातलं काहीच सापडलं नव्हतं. तरी घरी आल्यावर त्याने आधी आंघोळ केली, आणि संध्याकाळी जगदेवला फोन करून सांगितलं, की पत्रिका जमत नाही, तसं कळवून दे. जगदेवला खरं कारण कळलं. तो वाद न घालता बरं म्हणाला.

सायलीला त्याने हेच सांगितलं. ती ओसरीत पालकाच्या जुड्या बांधत होती.

"पत्रिका कोणी पाह्यली?" तिने विचारलं.

त्याने एका भटजीचं नाव घेतलं. तिने सुतळीला गाठ मारली.

"मले माहीत होतं, बाबा. त्याईनं मले अंगणातच सांगतलं होतं, कुठं काम करतो ते. मी हो म्हटलं होतं."

दवाखान्यात आपण जाब विचारला तेव्हा पोराने सायलीचं नाव काढलं नाही, हे शालिग्रामच्या तेव्हा लक्षात आलं. तो खाली बसला. म्हणाला, अजून काही बिघडलं नाही, मी उद्या स्वतः जातो, बोलतो त्याच्याशी.

"तुमचं मामासंग बोलणं ऐकून मी फोन केला होता त्याईले," सायली म्हणाली. "ते म्हणे, तुमच्या बाबानं माह्या हाताकडं पाह्यलं. ते एकदा मनात बसलं का मंग ताटावर बसल्यावरबी आठवते. त्याईले दोष नका देऊ, म्हणे." तिने बांधलेली जुडी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

दिवाळीनंतर शालिग्राम रिसोडहून एसटीने येत होता. गाडी खच्चून भरली होती. हातात रिकामी टोपली घेऊन तो दांड्याला लोंबकळत पुढे सरकत होता, तेवढ्यात खिडकीशेजारचा एक जण उठला आणि म्हणाला, "बसा काका."

अमरदीप होता. शालिग्राम म्हणाला, बस ना बापू, दोघं बसू. पण तोवर तो गर्दीतून वाट काढत दारापर्यंत पोचला होता, आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला. शालिग्रामने टोपली मांडीवर घेतली आणि बसला. सीट अजून गरम होती.