सोनेगाव ते दिग्रस, उभ्यानं

दिल्लीकडे धुकं आहे, विमान उशिरा येईल, असं कळल्यापासून डोमाजी सोनेगावच्या विमानतळाच्या कठड्याशी सारखा येरझारा घालत होता. शेवटी तिथला शिपाई वैतागून म्हणाला, "बाबा, बसा की एका जागी!"

"बसून कसं जमन जी?" डोमाजी म्हणाला. "आमचे बुवा येऊन राह्यले."

बुवा म्हणजे अनंत. दिल्लीच्या सरकारी कचेरीतला सडपातळ, चष्मेवाला अनंत. दिग्रसच्या टेकडीवर गोपालकृष्णाचं देऊळ आहे, तिथं माघात सप्ताह बसतो, खाली मैदानात यात्रा भरते. आकाशपाळणे, फिरता सिनेमा, मौत का कुआं, सगळं येतं. पण लोकांचे कान शेवटच्या दिवसाच्या काल्याच्या कीर्तनाकडे लागलेले असतात. ते कीर्तन अनंताचे वडील नरहरबुवा करायचे. गेल्या श्रावणात ते देवाघरी गेले. गादी मुलानं चालवावी अशी गावाची इच्छा होती, पण मुलगा राहिला दिल्लीत. देवळाचे प्रमुख पंच सदाशिवराव वकील सरळ माणूस. त्यांनी अनंताच्या आईला, सुनीतीबाईंना, सांगून टाकलं होतं, "वहिनी, काल्याच्या दिवशी सूर्य टेकडीआड जायच्या आत अनंता कीर्तनाला उभा राहिला तर गादी त्याची. नाहीतर कारंज्याच्या बुवांना उभं करू, आणि मग पुढंही तेच. देवाची जागा वाट पाहत ठेवता येत नाही."

रजा मिळायला इतका उशीर झाला की विमानाशिवाय अनंताला इलाज उरला नाही. आणि आता ते विमानच धुक्यात अडकलेलं.

डोमाजी गावातल्या कापसाच्या जिनातला हमाल. पण गेली कित्येक वर्षं नरहरबुवांच्या मागं टाळ घेऊन ध्रुपद धरणारा तोच. सुनीतीबाईंनी त्याला गाठी घेऊन नागपूरला निघालेल्या खेमसिंगच्या ट्रकमध्ये बसवून दिलं होतं. अनंताला उतरवून घ्यायचं आणि एसटी धरायची, एवढंच काम. निघताना त्यानं पुजाऱ्याकडून देवाच्या पायावरचा झेंडूतुळशीचा हार मागून घेतला होता. ओल्या फडक्यात गुंडाळून तो पिशवीत ठेवला. सोबत बुक्क्याची डबी. बुवांना वाटेत धीर यावा, एवढाच त्यात हेतू.

अखेर विमान उतरलं. शिडी लागली. आधी कुणी पुढारी उतरले, त्यांच्या गळ्यात धडाधड हार पडले. मग एक नवरा-नवरी, त्यांनाही हार. मग अनंत. कोट, पँट, हातात बॅग, डोळे तांबारलेले. त्याला पाहिलं आणि डोमाजीला नरहरबुवांचीच चाल दिसली. पुढं काय झालं ते त्याच्या हातांनाच ठाऊक. फडकं सुटलं, हार अनंताच्या गळ्यात पडला, आणि श्रोत्यांना बुक्का लावायच्या वर्षानुवर्षांच्या सवयीनं अंगठा डबीत जाऊन बुक्काही कपाळी लागला. डोमाजीनं पायावर डोकं ठेवलं आणि खाली वाकल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

"अरे देवा! हे म्या काय केलं!"

अनंताचा चेहरा पांढरा पडला होता. टेकडीच्या देवळाची रीत दोघांच्याही रक्तात होती. देवाच्या पायावरचा हार आणि बुक्का लागला की माणूस नारदाच्या गादीवर चढला. मग आरती होईपर्यंत त्यानं बसायचं नाही, पायांत काही घालायचं नाही, कुणापुढं वाकायचं नाही, आणि हार काढायचा नाही. एरवी तो हार देवळात, गादीवरच, गावातल्या सगळ्यांत वडील श्रोत्याच्या हातून पडतो. तो मान तुळसाबाईचा.

"डोमाजीकाका," अनंत हळूच म्हणाला, "दिग्रस किती लांब आहे, माहीत आहे ना?"

"मायबाप, चूक झाली. बाकीचे घालून राह्यले होते, मले राह्यवलंच नाही. काढून टाका जी. इथं कोण पाहून राह्यलं?"

अनंतानं हाराला हात लावला, आणि हात तसाच खाली घेतला. एकेक पाय बॅगेवर टेकवून बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले, बूट डोमाजीच्या पिशवीत टाकले. "चला," तो म्हणाला. "एसटीत उभं राहता येईल."

एसटीत उभं राहता आलं नाही. गाडी अर्धी रिकामी होती, आणि कंडक्टर ऐकायला तयार नव्हता. "इतक्या लांब उभ्यानं नेत नाही मी. सीट पडलीय समोर, बसा!"

"त्यांच्यानं बसवत नाही जी," डोमाजी म्हणाला.

"काहून? गळू झालं का?" मागून एक म्हातारा ओरडला. गाडीभर हशा पिकला. हार घातलेला, कोटातला, अनवाणी अनंत दांडा धरून उभा होता, लाल झाला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. ते दोघं खाली उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

डोमाजीला तेव्हा खेमसिंग आठवला. गाठी उतरवून त्याचा ट्रक रिकामाच परत निघायचा होता. रिक्षा तरी कशी करणार, रिक्षात उभं कोण राहतं? दोघं जवळजवळ धावतच कापूस बाजारात पोचले. खेमसिंग फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा बंजारा, गडगडाटी हसणारा माणूस. त्यानं सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला.

"बस इतकंच? माया ट्रकात हत्तीबी उभा राहीन. चढा बुवा. देव तर विटेवर कधीचा उभा हाय, तुमाले एका दिवसाचं काय!"

ट्रक निघाला. अनंत केबिनच्या मागं लाकडी फळीला धरून उभा, शेजारी डोमाजी.

"काका, तुम्ही बसा."

"मी तुमचा ध्रुपदवाला. बुवा उभे अन् ध्रुपदवाला बसलेला, असं कधी पाह्यलं का?"

बुटीबोरी मागं पडली. वाऱ्यानं हार फडफडायचा, एखादी पाकळी सुटून मागं उडून जायची, आणि अनंताचा हात चटकन छातीशी जायचा. खड्डा आला की गुडघे आतून कळवळायचे. वर्ध्याच्या अलीकडे मालगाडीसाठी फाटक लागलं. फाटक उघडेना. अनंत सूर्याकडे बघे, मग फाटकाकडे, मग परत सूर्याकडे.

"खेमसिंगभाऊ, दुसरा रस्ता नाही का?"

"हाय ना! मालगाडीच्या वरून," खेमसिंग खिडकीतून ओरडला. "बुवा, तुमी देवाचं नाव घ्या, सूर्याच्या मागं काहून लागले?"

तेव्हा अनंत खरंच बोलू लागला. पायांचा विसर पडावा म्हणून. वडील पूर्वरंगात घ्यायचे तो अभंग त्यानं धरला आणि निरूपण सुरू केलं. इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवावा लागे. डोमाजीनं पिशवीतून टाळ काढले. देवळी गेली, कळंब आलं. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया कंबर सरळ करून रस्त्याकडे बघत, आणि हार दिसला की लांबूनच हात जोडत. अनंताला मात्र एकच गोष्ट खात होती. पूर्वरंग जमतोय. पण आख्यान? काल्याचं आख्यान त्यानं एकट्यानं कधीच केलं नव्हतं. वडिलांच्या डाव्या हाताला उभं राहून ऐकलं होतं फक्त.

कळंबच्या पुढं टायर फुटलं.

खेमसिंग शिव्या घालत जॅक लावू लागला. डोमाजी अनंताला घेऊन बाभळीच्या सावलीत उभा राहिला. अनंताच्या पोटऱ्या थरथरत होत्या. तळव्याला काटा लागून रक्त आलं होतं. पाण्याचा तांब्या पुढं करत डोमाजी म्हणाला, "बुवा, तो दगड हाय पाहा. जरासे टेका. मी तिकडं तोंड करतो. मी काही पाहून नाही राह्यलो."

तो खरोखरच वळला. रस्ता ओसाड होता. अनंत दगडाकडे बघत राहिला. गुडघे वाकलेसुद्धा.

"बसले का जी?" डोमाजीनं पाठमोऱ्यानंच विचारलं. 

"नाही."

"काहून?"

"तुम्ही तिकडं तोंड केलंत, काका. पण हा तर माझ्याच गळ्यात आहे ना."

डोमाजीनं तोंड फिरवलं ते डोळे पुसूनच. "चाल रे खेमसिंग! तुया टायरापायी काय वर्षश्राद्धापर्यंत थांबवतो का?"

यवतमाळ सुटलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बोरी अरबला बाजार होता. रस्ताभर बैलगाड्या, मिरच्यांची पोती, बांगड्यांची दुकानं. त्यात निवडणुकीचे दिवस. ट्रकावर हार घातलेला, कोटातला माणूस उभा पाहून गर्दी पुढं सरकायच्या ऐवजी जवळ आली.

"कोणत्या पक्षाचे हो?"

"निशाणी सांगा ना, निशाणी!"

"पायात चप्पल नाही रे बाप्पा, हा खरा गरिबांचा माणूस दिसते!"

एकानं घोषणाच सुरू केली. दुसरा ट्रकाच्या चाकावर चढून अनंताच्या गळ्यात आणखी एक हार घालू लागला. अनंतानं घाबरून दोन्ही हात छातीवर धरले. सूर्य बाजाराच्या छपरांवर उतरत होता. "अहो, मला जाऊ द्या! काला आहे! माझं कीर्तन आहे!" तो ओरडत होता, ते घोषणेत कुणाला ऐकू जाईना.

खेमसिंगनं अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. "निशाणी टाळ! उमेदवार टेकडीवरचा गोपालकृष्ण! हे त्याचे वकील हायत, यायले अडवाल तर देव तुमाले अडवीन. सरका!"

 मग हसण्याचा लोट उठला, आणि एका म्हाताऱ्या बाईनं पुढं होऊन बैलांची वेसण धरली. "अरे, नरहरबुवायचा पोरगा हाय हा! नाकडोळा पाहा ना! काढा गाड्या, काढा!" ज्यांनी रस्ता अडवला होता त्यांनीच गाड्या ओढून रस्ता मोकळा केला.

दारव्हा गेलं. दिग्रसच्या जिनांची धुराडी दिसली तेव्हा सूर्याचा अर्धा गोळा टेकडीआड गेला होता. मैदानात आकाशपाळणा फिरत होता, भोंग्यावर गाणी लागली होती. ट्रक यात्रेच्या कडेनं वर चढेपर्यंत उरलेला अर्धाही बुडाला.

मंडपात माणूस मावत नव्हता. गादीशेजारी कारंज्याचे बुवा उपरणं सावरत उभे होते. समोर तुळसाबाई ताजा हार हातात घेऊन उभी होती, आणि तिचं चाललं होतं काहीतरी भलतंच. हाराची गाठ सुटली म्हणून ती तो पुन्हा बांधत होती. बांधून झाला, तर बुक्क्यात खडा आहे म्हणाली.

"तुळसाबाई, पुरे," सदाशिवराव म्हणाले. "सूर्य गेला."

"माया डोळ्याले अजून दिसून राह्यला."

तेवढ्यात मागं गलका झाला. गर्दी दुभंगली. अनंत अनवाणी, धुळीनं माखलेल्या कोटात, गळ्यात पाकळ्या झडलेला हार, असा येऊन मंडपाच्या टोकाशी उभा राहिला. त्याच्या मागं टाळ घेतलेला डोमाजी.

सदाशिवरावांनी त्याला पाहिलं. वाईट त्यांनाही वाटलं असावं, कारण आवाज मऊ झाला. "अनंता, उशीर झाला रे. शब्द गावापुढं दिलेला आहे."

अनंतानं मान हलवली. बोलायला घसा उरला नव्हता. पण डोमाजी पुढं झाला आणि तुळसाबाईपुढं आडवाच पडला.

"मावशी, तुया मान म्या खाल्ला. देवाच्या पायावरचा हार सोनेगावातच घातला यायले. बुक्काबी लावला. मले काय शिक्षा करायची ते कर."

 तुळसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ रागानं घट्ट मिटले. मग ती काठी टेकत अनंताजवळ गेली, हारातलं एक सुकलेलं तुळशीचं पान चिमटीत धरलं.

"हा सकाळी घातला?"

"विमानातून उतरल्याबरोबर, आजी."

"मग मधी बसला कुठं?"

"नाही."

"मोटारीत?"

"उभा होता मावशी," मंडपाबाहेरून खेमसिंग ओरडला. "मी साक्षीदार हाव. टायर फुटलं तेव्हाबी उभाच."

तुळसाबाई खाली वाकली. त्या म्हाताऱ्या बोटांनी तिनं अनंताच्या सुजलेल्या घोट्यांना, काट्याच्या जखमेला हात लावला. अनंताला वाकून तिला उठवायचं होतं, पण रीत त्याला वाकू देईना. ती उठली आणि सदाशिवरावांकडे वळली.

"वकीलसाहेब, सूर्य बुडायच्या आत उभा राह्यला तर गादी याची, असं म्हणलं होतं ना तुमी? हा तर सकाळपासून उभा हाय. कीर्तन चालू असताना दुसऱ्याच्या गळ्यात हार घालायची रीत कोण्या देवळात हाय, सांगा मले."

सदाशिवरावांनी अनंताला गादीकडे हात केला. कारंज्याचे बुवा हसले. त्यांनी स्वतःचं उपरणं काढून अनंताच्या कोटावरून टाकलं. "पूर्वरंग झालाय ना वाटेत?"

"झाला," अनंत घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग आख्यान धरा. पेटीवर मी बसतो."

बायकांतून सुनीतीबाई पुढं आल्या. रीतीप्रमाणे त्यांनी वाकून मुलाच्या पायांवर डोकं ठेवलं. अनंत ताठ उभा राहिला, फक्त त्याची बोटं उपरण्याचं टोक पिळत होती.

आवाज फाटका होता. दोनदा तो अडखळला, आख्यानात एक प्रसंग मागं-पुढं झाला. पण वाटेवर मालकाशिवाय फिरणारी गुरं, शिदोरी सोडून बसलेले गोपाळ, आणि देव येतो का म्हणून सारखे रस्त्याकडे बघणारे त्यांचे डोळे, हे सांगायला लागला तेव्हा त्यानं स्वतःचाच दिवस सांगितला. डोमाजीनं ध्रुपद इतक्या जोरात धरलं की खाली यात्रेत भोंगा बंद करावा लागला.

आरती झाली. पुजाऱ्यानं हार उतरवला. अनंत तत्क्षणी आईच्या पायांशी वाकला, मग तुळसाबाईच्या. आणि तिथून त्याला धड उठताही येईना. मांडी तर घालताच येईना. पाय लाकडासारखे झाले होते. लोक काल्याचे द्रोण घेऊन पंगतीत बसले होते, आणि तो खांबाला धरून पुन्हा उभाच.

खेमसिंगनं त्याला एका बाजूनं धरलं, डोमाजीनं दुसऱ्या. "पाय न मोडता बसायची एकच जागा हाय या यात्रेत," खेमसिंग म्हणाला. दोघांनी त्याला टेकडी उतरवून आकाशपाळण्यापाशी नेलं. पाळणेवाल्यानं फळी उचलली. अनंतानं मागं हात टेकून अंग सोडलं, आणि एवढा मोठा उसासा टाकला की तिकिटाला उभ्या असलेल्या बाया हसल्या.

"काका, या ना," तो म्हणाला.

डोमाजी हातात काल्याचा द्रोण धरून चाचरला. "मी? मीबी बसू?"

"आता बुवा बसलाय."

डोमाजी त्याच्या शेजारी बसला. पाळणा हलला आणि वर निघाला.