बर्फवाल्याची खरेदी

आमच्या थोरल्याचं दुसरं लग्न झालं आणि या खेपेची सून माहेरी पळून गेली नाही, त्या वर्षाची ही गोष्ट.

आमचे हे तेव्हा कामावरून कायमचे घरी बसले होते. घरी बसले म्हणजे माझ्या डोक्यावर बसले. जन्मभर मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या वाहिल्या, त्यामुळे झोप पहाटेच उडायची. मग स्वतः जागं राहून भागायचं नाही, मलाही उठवून विचारायचे, "झोपलीस का?"

एके दिवशी जेवताना म्हणाले, "मला पहाटे मासळीबाजारात जायचंय."

थोरला म्हणाला, "बाबा, जन्मभर दुसरीकडे कुठे गेलात तुम्ही?"

"गिऱ्हाईक म्हणून जायचंय."

सून हसली. नवीन होती, तिला अजून हसायची मुभा होती. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं. हे मागच्या दाराने शिरायचे, खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर लादी आणि तोंडाने "हटा, बर्फ आला!" लोक हटायचे, पण ते बर्फासाठी. पुढच्या दाराने इस्त्रीच्या कपड्यांत येणाऱ्या गिऱ्हाइकांना मात्र ओट्याओट्यावरून हाका, "या शेठ! इकडे बघा शेठ!" शेठ मासा उचलणार, कल्ले उघडणार, नाक मुरडणार आणि चालू पडणार. मग मागून पुन्हा हाक, "ओ शेठ, रागावताय कशाला, या की!" ती मागून येणारी हाक यांना एकदा स्वतःच्या पाठीवर हवी होती. शेजारच्या शिंप्याला म्हातारपणी विमानात बसायचं होतं. त्या मानाने आमचं स्वस्तातलं होतं.

तयारी थोरल्याने हाती घेतली. तो बस डेपोत वेळापत्रकं आखतो, त्यामुळे आमच्या घरात कुणाला शिंक यायची असली तरी त्याला आधी कळवावं लागतं. गाडी कुठे लावायची, शिरायचं कुठून, बाबा घसरले तर कुणी कुठला हात धरायचा, सगळं ठरलं. ज्या फरशीवर हे लादी घेऊन अनवाणी धावले, त्याच फरशीसाठी रबरी तळाचे बूट आले. सुनेने लग्नातला कोट झाडून टांगला. पिशवी कापडी न्यायची की प्लास्टिकची, यावर आठवडाभर घरात अबोला होता. लढाया यापेक्षा कमी तयारीने होत असतील.

तालीमसुद्धा झाली. मी पाटावर बसून पुढे बटाटे मांडले. यांनी एक बटाटा उचलला, उलटा केला, वास घेतला.

"हा कालचा दिसतोय."

"परवाचा आहे," मी म्हणाले. "पटत असेल तर घ्या, नाहीतर रस्ता धरा."

"अगं, असं नाही म्हणायचं! मी निघालो की तू मागून हाक मारायचीस."

"चाळीस वर्षं हाकाच मारतेय. एकदा तरी वळून बघितलंत का?"

तालीम तिथेच संपली.

शेवटी ती पहाट उजाडली. पुढच्या दाराने आम्ही शिरलो, पुढे हे कोटात, मागे थोरला, मग सून आणि सगळ्यात मागे पिशवी सांभाळत मी. पहिल्याच ओट्यावर ठसकी बसलेली. ही जुनी मासेवाली, तिचा आवाज भोंग्यासारखा.

"अगं बाई, गारठाभाऊ!" बाजारात यांना गारठाच म्हणत. "कोट घालून आलास? कुणाचं लग्न रे?"

"लग्न कुणाचं नाही. मासे घ्यायचेत. भाव सांग."

"तुला कसला भाव?" म्हणत तिने चांगला मोठा मासा उचलून माझ्या पिशवीत टाकलाही. यांनी कल्ले उघडायला हात पुढे केला तो तसाच हवेत राहिला.

"अगं, भाव सांग! जास्त सांग, मी कमी करून मागतो."

"खुळा झालास काय? बाजारातल्या माणसाला कुणी मासा विकतं?"

इथेच आमची सगळी योजना गाळात गेली. त्या बाजाराची रीतच अशी की ज्याने तिथे खांदा झिजवला त्याला मासा विकायचा नाही, द्यायचा. गाडी लावण्याचा विचार झाला, पिशवीचा झाला, पण ही रीत कुणाच्या ध्यानात आली नाही. यांच्याही नाही, आणि जन्मभर तसलेच मासे घरी आणत होते! दुसऱ्या ओट्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. "गारठा आला रे!" आणि पिशवीत मासा. यांचं तोंड उतरत चाललं आणि पिशवी जड होत चालली.

थोरला खूश. "बाबा, दर रविवारी येत जाऊ या!" असा समजूतदार मुलगा सगळ्यांना मिळो.

हे कोटाची बटणं काढू लागले. तेव्हा मला कळलं की आता घरी गेलो की हा माणूस पुन्हा काही मागणार नाही.

गटाराजवळच्या कोपऱ्यात एक नवी मासेवाली बसली होती. तिच्या पुढ्यातल्या बांगड्यांवर माश्यासुद्धा बसत नव्हत्या, म्हणजे बघा. ती ओरडली, "या शेठ, ताजे आहेत!"

हे थबकले. बटणं परत लावली. बांगडा उचलला, कल्ले उघडले. कल्ले राखेसारखे. यांनी असं नाक मुरडलं की बटाट्याने बघायला हवं होतं. मग पाठ फिरवून चालू पडले.

मागून हाक आली नाही.

हे हळू चालू लागले. आणखी हळू. मानही वळवेनात बिचारे. ती बया दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे बघत होती. मी वाकून तिला कोपराने ढोसलं.

"हाक मार."

"कुणाला?"

"त्या कोटवाल्याला. मार लवकर!"

"ओ शेठ!" ती ओरडली. "रागावताय कशाला, या की!"

हे वळले. जन्मात पहिल्यांदा एका हाकेत वळलेले मी बघितले. मग घासाघीस झाली, हात झटकून झाले, पुन्हा जाण्याचं नाटक झालं आणि सगळ्या बाजारात टाकाऊ ठरलेले ते बांगडे आम्ही भाव पाडून विकत घेतले. गाडीच्या काचा घरापर्यंत उघड्या ठेवाव्या लागल्या.

"बाबा, हे शिळे आहेत," थोरला म्हणाला.

"बर्फ वाहिलाय मी," हे म्हणाले. "मला सांगतोस? पण हाक मारली की नाही तिने मागून? आपणहून!"

"मारली बाई," मी म्हणाले.

ते बांगडे मांजरानेही हुंगून सोडले. शिंप्याला मात्र ती गोष्ट रोज ऐकावी लागली. त्याने त्याचं विमान पुन्हा काढलं नाही.

हे पुढच्या थंडीत गेले, थोरल्याची मुलगी रांगायला लागली त्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे. मी शेजारी जागी होते.