फुल्यांचा बैल

१९८४ सालच्या तान्ह्या पोळ्याला दत्तोपंतांनी घरचा टीव्ही देऊन एक जिवंत बैल घेतला. असं काहीही झालेलं नाही. दत्तोपंतांनी गल्लीत घरोघर जाऊन तसं सांगितलंय. ते सांगताना बैल त्यांच्या मागे मागे येत होता, हा योगायोग. तेव्हा आपण ही न झालेली गोष्ट सुरुवातीपासून पाहू.

दत्तोपंत म्हणजे माझ्या मित्राचे, केशवचे, वडील. कचेरीत हेडक्लार्क. केशवच्या मामांनी दुबईहून एक घरगुती कॉम्प्युटर आणला होता. काळा, पाटीएवढा, रबरी बटणांचा. तो टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची, आणि तापल्या कढईत मोहरी आणि मांजर एकदम पडल्यासारखा आवाज पाच मिनिटं ऐकायचा. मग पडद्यावर केशवनं केलेलं काहीतरी हलू लागे. चित्रं नव्हेत, नुसती अक्षरं आणि चिन्हं. फुल्यांचं कारंजं. शून्यांची आगगाडी. आणि हे सगळं नेमकं बातम्यांच्या वेळी.

"पोळ्यापर्यंत हे यंत्र घराच्या एका तरी कामी आलं पाहिजे," दत्तोपंतांनी बजावलं. "नाहीतर माळ्यावर."

केशव हादरला. माळ्यावर उंदीर होते आणि बटणं रबरी होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवतात, दोरीनं ओढत घरोघर नेतात, बाया ओवाळतात, खाऊ देतात. केशवनं विचार केला, घरात बैलाइतकं कामाचं दुसरं काय असतं? म्हणून त्यानं बैल केला. अंग फुल्यांचं, शिंगं कंसांची, शेपूट म्हणजे एक स्वल्पविराम. पायांच्या तिरक्या रेघा आळीपाळीनं उलटायच्या आणि बैल जागच्या जागी चालायचा. बैलाला चाकं हवीत अशी रीत, म्हणून इतवारीच्या बाजारातून धान्याची हातगाडी आणली आणि टीव्ही तिच्यावर चढवला. केशव दोरी ओढायचा, मी मागून ढकलायचो.

अडचण एकच. प्रत्येक घरी वायर नव्यानं लावावी लागे. म्हणजे बैल प्रत्येक दारात मरायचा आणि पुढच्या दारात, कढईतलं मांजर ओरडून झालं की, पुन्हा जन्मायचा.

कौशल्याकाकूंच्या दारात त्या कंबरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"काहून गा केशव, एवढा घोडा झाला, अन् तान्ह्या पोळ्यात फिरून राहिला?"

"काकू, प्लग कुठंय?"

काकूंचे भाऊ देवराव कळमेश्वरहून बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, आले होते. जन्म बैलबाजारात गेलेला. बंडीमागे विकायचा एक जास्तीचा बैल बांधलेला. देवराव पडद्यासमोर उकिडवे बसले. मांजर ओरडलं, पडद्यावर आडवे पट्टे धावले, बैल उगवला.

"अरे बाप! उपजलं अन् लागलं चालाले!" देवराव म्हणाले. "खाते काय गा हे?"

"वीज."

"अन् वीज नसली तं?"

"मग मरतो, काका. पण परत जन्मतो."

देवरावांनी पडद्याला हात जोडले. मग पुन्हा धंद्यावर आले.

"मारते काय?"

"एकदा शॉक दिलाय."

"थोडंसं पाहिजेच. अगदी गरीब बैल काय कामाचा?"

तेवढ्यात घरातलं टीव्हीचं रिकामं स्टूल पाहून माग काढत दत्तोपंत आले. "केशव! माझा टीव्ही!"

"मालक तुमी काय?" देवराव उठले.

"अर्थात मीच."

देवरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दत्तोपंतांच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, दुपट्ट्याखाली बोटं धरून ठरवतात. दत्तोपंतांना वाटलं, खेड्यातली माणसं, सणासुदीला भेटत असतील अशी. साहेब रिटायर होताना करतात तसा त्यांनी तो हात दोन्ही हातांनी घट्ट दाबला आणि वरून म्हणाले, "फार आनंद झाला!"

"पक्कं!" देवराव गरजले. "बैलाले बैल! वरून काई नाई!"

सौदा झाला म्हणून जमलेल्या लोकांनी गुलाल उधळला. दत्तोपंतांना कळेपर्यंत टीव्ही बंडीत होता आणि कासरा त्यांच्या मुठीत.

"अहो, पण मी नुसता हात मिळवला!"

"पंत, बोटं बोलली. आता तोंडानं काय होते?"

काळा डबा बघून देवराव म्हणाले, "हे पाटी ठेव गा पोरा. मले बैलाशी मतलब."

आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला. पडद्यावर बैल दिसत नाही, पण शेतीच्या कार्यक्रमात रोज दोन माणसं बसून बैलांबद्दलच बोलतात. तक्रार नाही.

इकडे दत्तोपंत शब्दाचे पक्के. यंत्रानं घरात बैल आणला, म्हणजे ते कामी आलं. माळा टळला. केशवचा कॉम्प्युटर टेबलावर राहिला, फक्त त्याला पडदा नव्हता. केशव रोज बटणं दाबायचा आणि काय हलत असेल ते आम्हाला तोंडानं सांगायचा. शेवटी त्यानं बैलाकडे नीट पाहिलं, बाजूनं पाहिलं, मापं घेतली, आणि जनावरांच्या दवाखान्यात अर्ज नेऊन दिला:

"मा. पशुवैद्यकीय अधिकारी साहेब यांचे सेवेशी. विनंती अर्ज करण्यास कारण की, अर्जदाराचे घरी एक बैल असून त्याची डावी कूस पूर्णतः रिकामी आहे. तरी सदर कुशीत चौदा इंची चित्रनळी बसवून मिळावी, शेपटीखाली वायरीस जागा ठेवावी, व चित्र स्थिर राहावे याकरिता सदर बैलास रवंथ न करण्याबाबत आपले स्तरावरून लेखी समज देण्यात यावी, ही नम्र विनंती."