दहा रुपये जास्त

कांजूरमार्गच्या त्या गाळ्यात रबराचे वॉशर बनतात आणि तिथला किरकोळ खर्च वसुधाताई सांभाळतात. चहा, टेम्पोची हमाली, झाडू, देवाचा हार, सगळं त्यांच्या बिस्किटाच्या डब्यातून.

मालक थोरल्या सावंतांचा नियम होता, की शनिवारी डब्यातले पैसे दोघांनी समोरासमोर बसून हिशेबाशी जुळवायचे. काम पाच मिनिटांचं, गप्पा तासभर. सावंत मालवणकडचे, एकदा सुरू झाले की आवरायचे नाहीत. "काय गो वसुधा, जेवलंस मां?" हे विचारणारं ताईंना दुसरं कोणीच नव्हतं. नवरा गेल्यापासून घाटकोपरच्या घरात त्या बोलायच्या त्या फक्त टीव्हीवर चिडून.

मग सावंत गावी राहायला गेले आणि मुलगा यज्ञेश धंदा बघू लागला. पोरगा चांगला, पण कायम घाईत. ताई डबा घेऊन केबिनच्या दाराशी गेल्या की म्हणायचा, "जुळलं ना ताई? मग झालं. फोटो टाका मला." ताई परत येऊन रिकाम्या खुर्चीसमोर बसायच्या. त्यांना रडू यायचं आणि रडू येतं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

एका शनिवारी त्यांनी पर्समधली दहाची नोट डब्यात टाकली. कमी भरले तर लोक संशय घेतात, जास्त भरले तर नुसता घोळ. आणि घोळ निस्तरायला दोघं लागतात. आयुष्यात कधी रुपया न चुकलेली बाई मुद्दाम चुकली.

"यज्ञेश, दहा रुपये जास्त येतायत रे."

तो खरंच येऊन बसला. व्हाउचर चाळता चाळता म्हणाला, "बाबा सांगायचे, तुमचं लिंबाचं लोणचं एकदम झकास असतं." ताईंना काय बोलू नि काय नको असं झालं. घोळ काही सापडला नाही. 'दहा जास्त' असं लिहून तो उठला.

पुढच्या शनिवारी ताई लोणच्याची बरणी घेऊन आल्या. डब्यात आणखी एक दहाची नोट टाकून त्यांनी दोन चहा सांगितले.

"परत जास्त?" ताईंनी केबिनच्या दारातून सांगितल्यावर यज्ञेश म्हणाला. "ताई, तुमच्या डोक्याला हा ताप कशाला? सोमवारपासून डबा बंद करू. सगळं फोनवरूनच देऊन टाकेन मी. खूप केलंत तुम्ही, आता आराम करा."

तो मनापासून बोलत होता, म्हणून ताईंना भांडताही येईना. त्या जागेवर येऊन बसल्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. यज्ञेशने वीस रुपये पाठवले होते. खाली लिहिलं होतं, 'तुमचेच चुकून पडले असणार ताई. आता जुळलं.'

काचेपलीकडे तो पाठमोरा बसला होता.

ताईंनी एक चहा प्यायला. मग थोडं थांबून दुसराही प्यायला. बरणी पुन्हा पिशवीत घातली आणि समोरची खुर्ची टेबलाखाली सरकवली.